तळणीपासून तोंडापर्यंत

टोकियोत टेम्पुराच्या चांगल्या दुकानात दहा-बारा माणसं मावतील एवढाच लाकडी काउंटर असतो. त्याच्या पलीकडे, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, तेलाची कढई. दुपारची पाळी सुरू झाली की आचारी पाण्यातून जिवंत कोळंबी उचलतो, डोकं मोडून बाजूला ठेवतो, साल उतरवतो, पाठीतला काळा दोरा ओढून काढतो. मग शेपटीचं टोक तिरकं छाटून सुरीच्या पात्याने दाबतो. शेपटीत अडकलेलं पाणी थेंबभर बाहेर येतं. तो थेंब आत राहिला तर तेल अंगावर उडतं. पोटाच्या बाजूने चार-पाच आडव्या चिरा दिल्या जातात, कोळंबी पालथी घालून बोटांनी दाबली जाते, आतले स्नायू तुटल्याचा बारीक आवाज येतो आणि वाकडी कोळंबी सरळ होते.

ही बोटाएवढी कोळंबी म्हणजे ‘साइमाकी’, कुरुमा जातीचं लहान वयातलं रूप. आधी कोरड्या पिठात घोळवायची, झटकायची, पातळ पिठात बुडवायची आणि शेपटीला धरून तेलात सोडायची. अर्ध्या मिनिटाच्या आसपास ती बाहेर येते आणि गिऱ्हाइकापुढच्या पांढऱ्या कागदावर ठेवली जाते. बाहेरचं कवच कुरकुरीत, आतला गर जेमतेम शिजलेला, मधोमध अजून किंचित काचेसारखा. उरलेली डोकी वेगळी, जास्त वेळ तळून कडक करून येतात. एक वस्तू संपली की दुसरी. ताटभर तळण एकदम कुणापुढे येत नाही.

असं एकेक देण्यामागे कारण आहे. टेम्पुराची सगळी कारागिरी एका अंतराशी झगडत आली आहे: तळणीपासून तोंडापर्यंतच्या अंतराशी. गेल्या चारशे वर्षांत हे अंतर कधी हातभर होतं, कधी गल्लीभर, कधी डब्यात बांधून नेण्याइतकं. ते बदललं तसं पीठ बदललं, तेल बदललं, सोबतचं तोंडीलावणं बदललं. एकाच नावाखाली इतके वेगवेगळे पदार्थ कसे नांदतात, हे त्या अंतरावरून उलगडत जातं.

पाण्याचा हिशेब

टेम्पुराचं पीठ कालवताना पाहिलं की मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. गार पाण्यात अंडं फेटायचं, त्यावर चाळलेला मैदा टाकायचा, जाडजूड चॉपस्टिकने चार-सहा वेळा हलवायचं आणि थांबायचं. गुठळ्या तशाच राहतात, कडेला कोरडं पीठ दिसत राहतं. तरी आचारी पुढे फेटत नाही. भज्यांचं बेसन घोटून घोटून हलकं करावं लागतं, कारण हरभऱ्याच्या डाळीत ग्लुटेन नसतं; कितीही फेटलं तरी ते चिवट होत नाही. मैद्याचं तसं नाही. पाणी लागून तो घोटला गेला की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात, पीठ ताणलं जाऊ लागतं, आणि तळल्यावर कवचाऐवजी पावासारखी मऊ खोळ तयार होते. म्हणून टेम्पुराला कमी प्रथिनांचा मैदा घेतात, पाणी बर्फासारखं गार ठेवतात आणि पीठ एकदम मोठ्या भांड्यात न कालवता थोडं थोडं, लागेल तसं कालवतात.

पुढचं काम तेलाचं. पिठाचा एक थेंब टाकून ताव ओळखतात. थेंब तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल १६० अंशांच्या आसपास आहे, रताळं, लाल भोपळा, कमळकाकडी यांच्यासाठी ठीक. अर्ध्यावरूनच वर आला तर १७० ते १८०, म्हणजे मासे आणि कोळंबी सोडायला हरकत नाही. वरच्या वर पसरला तर तेल जास्त तापलं.

कढईतले बुडबुडे म्हणजे तेल उकळतंय असं वाटतं, पण ती निसटणारी वाफ असते. पिठातलं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी जाळीदार, कोरडं कवच उरतं. आतल्या माशातलं पाणी मात्र पूर्ण जाऊ द्यायचं नसतं. त्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे बाहेर तेल १८० अंशांवर असलं तरी आत मासा स्वतःच्या वाफेवर शिजत असतो. टोकियोतल्या फुकुझुमी भागात ‘मिकावा झेझान्क्यो’ हे दुकान चालवणारे तेत्सुया साओतोमे टेम्पुराकडे असंच पाहतात: वाफवणं आणि भाजणं, दोन्ही एकाच वेळी. १९४६ साली जन्मलेल्या साओतोमे यांची सगळी हयात या कढईसमोर गेली. त्यांच्याकडे अनागो, म्हणजे वामसारखा लांबट सागरी मासा, तळून झाला की गिऱ्हाइकासमोरच धातूच्या चॉपस्टिकने मधोमध मोडला जातो. कवच कडकन तुटतं आणि आतली वाफ बाहेर पडते.

आता अंतराचा प्रश्न. तेलातून बाहेर काढल्यावरही आतली वाफ बाहेर यायची थांबत नाही. ती कवचात शिरते आणि कवच मऊ पडू लागतं. कुरकुरीतपणाचं आयुष्य मिनिटांत मोजावं लागतं. काउंटर कढईला इतका चिकटून का असतो, त्याचं उत्तर हेच.

गोव्याहून निघालेली जहाजं

जपानमध्ये तळण अजिबात नव्हतं असं नाही. चीनमधून बौद्ध मठांबरोबर आलेल्या शाकाहारी स्वयंपाकात तळलेले पदार्थ होते. पण तेल महाग, बहुतांशी दिव्यासाठी लागणारं. पीठ लावून मासा तळण्याची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे रुजली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

त्या वाटेवर गोव्याचा मुक्काम होता. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. १५४९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून जपानला निघाले. सोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. ऑगस्टमध्ये ते कागोशिमाला पोचले. पुढे १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज व्यापाराचं बंदर झालं, आणि गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट पडली. जुन्या गोव्यात बाँ जेझुस बासिलिकेत झेवियर यांच्या शवाचं दर्शन घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या वाटेचं दुसरं टोक ठाऊक असतं.

पोर्तुगालमध्ये आजही फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळतात. ‘पेशिन्यूश दा ओर्ता’ म्हणतात त्याला. चर्चच्या उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, तेव्हा मासे आणि भाज्या अशा तळून खाल्ल्या जात. नागासाकीत हा प्रकार जपानी झाला, पण त्याची जुनी ठेवण तिथे अजून टिकून आहे. नागासाकीचं पीठ दाट असतं, त्यातच साखर, मीठ आणि साके घातलेली असते. चव कवचातच असल्यामुळे वेगळं बुडवायला काही लागत नाही. असं तळण गार झालं तरी खाववतं. मोठ्या गोल मेजावर अनेक पदार्थ मांडून सगळ्यांनी मिळून जेवायच्या नागासाकीच्या पद्धतीत ते चपखल बसलं.

१६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना जपानची दारं बंद झाली. तोवर तळण देशात पसरू लागलं होतं. जपानचे राज्यकर्ते तोकुगावा इएयासु १६१६ मध्ये वारले ते तळलेला ताई मासा खाऊन, अशी गोष्ट जपानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. क्योतोकडे नवीनच निघालेला प्रकार म्हणून एका व्यापाऱ्याने त्यांना तो सांगितला होता: काया झाडाच्या बियांच्या तेलात तळलेला मासा, वर लसणाच्या पातीसारखी भाजी. खाल्ल्यावर ते आजारी पडले हे खरं, पण मृत्यू काही महिन्यांनी झाला आणि पोटाच्या कर्करोगाची शक्यता जास्त मानली जाते. तळलेला मासा त्या काळी राज्यकर्त्यालाही नवलाचा होता, एवढं मात्र या गोष्टीतून नक्की कळतं.

एदोचे गाडे

टेम्पुरा सामान्य माणसाच्या हातात आली ती एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती. खेड्यांतून कामाला आलेले एकटे पुरुष भरपूर, चूल पेटवायला ना जागा ना वेळ. मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल आता मुबलक निघत होतं. समोरच्या खाडीत मासळी होती. आणि सगळं शहर लाकडाचं. १६५७ च्या मेइरेकी आगीत एदोचा मोठा भाग जळून गेला होता, त्यामुळे दाटीच्या घरांत उकळत्या तेलाची कढई नकोच होती. तळणारे नदीकाठी, पुलांच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला गाडे लावू लागले.

गाड्यावरचं तळण काडीला टोचलेलं असे. समोर सामायिक भांड्यात बुडवून खायची पातळ त्सुयू, शेजारी किसलेला मुळा. गिऱ्हाईक उभ्या उभ्या काडी उचलून बुडवी, खाई, पैसे टाकून पुढे जाई. काडीमुळे हात तेलकट होत नसत, मुळ्याने तेलाचा जडपणा कमी होई. कढई आणि तोंड यांच्यात अंतर हातभरच. आज घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर जे मिळतं, त्याचा ताजेपणा मुळात या गाड्यांचा.

एकोणिसाव्या शतकात कितागावा मोरिसादा याने एदोच्या राहणीची बारकाईने नोंद करून ठेवली. त्यात टेम्पुरासाठी अनागो, शिबा कोळंबी, कोहादा, शिंपल्यातला गर आणि माकूल यांची नावं येतात. सगळी खाडीतली मासळी. भाज्या तळल्या तर एदोतले लोक त्याला टेम्पुरा म्हणतच नसत. ते ‘शोजिन-आगे’, मठातल्या शाकाहारी जेवणाच्या वळणाचं तळण. पश्चिमेकडे ओसाकात तर टेम्पुरा म्हटलं की कुटलेल्या माशाची तळलेली वडी पुढे येई, आणि आजही त्या भागात बऱ्याच ठिकाणी येते.

गाड्यावर खाणं सामुराईला शोभत नसे, पण वास कुणाला सोडतो? कुवागाता केइसाई याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरांची चित्रमाला काढली. तिच्यातल्या टेम्पुराच्या गाड्यापाशी कमरेला तलवारी लावलेला एक माणूस तोंड झाकून उभा आहे. त्सुकिओका योशितोशी याच्या १८८८ च्या एका चित्रात एक बाई काडीवरची कोळंबी तोंडाजवळ आणून थांबली आहे, आणि चित्राचा विषयच ‘चविष्ट दिसतंय’ असा आहे.

भूकंपाने हलवलेली कढई

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, गाड्यांबरोबर दुकानंही वाढली. आसाकुसात सेन्सो-जी देवळाजवळचं ‘दाइकोकुया’ १८८७ पासून आहे. तिथल्या कढईत तिळाचं तेल, त्यामुळे तळण गडद सोनेरी आणि वास दुकानाबाहेर गल्लीत रेंगाळणारा. त्याच सुमारास श्रीमंतांच्या घरी जाऊन पाहुण्यांसमोर तळून देणारे आचारीही तयार झाले. अंतर कमी ठेवण्यासाठी कढईच दिवाणखान्यात नेण्याची ही युक्ती. आजच्या काउंटरचं मूळ गाड्यात जितकं, तितकंच या बैठकीतही आहे.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत टोकियो उद्ध्वस्त झालं. निहोनबाशीचा जुना मासळीबाजार त्सुकिजीला गेला (तिथून २०१८ मध्ये तोयोसूला). टोकियोचे आचारी पोटासाठी ओसाका-क्योतोकडे गेले आणि आपली मासळीची टेम्पुरा घेऊन गेले. उलट दिशेने तिकडचे आचारी टोकियोत आले, ते हलकं, वास नसलेलं तेल, फिकट कवच आणि मिठाबरोबर भाज्या खायची सवय घेऊन. आज टोकियोतल्या एकाच रस्त्यावर तिळाच्या तेलातली गडद टेम्पुरा आणि फिकट, कागदावर डागही न पडू देणारी टेम्पुरा शेजारी शेजारी मिळते.

मऊ पडलं तरी

प्रत्येकाला काउंटर कसा परवडणार? बहुतेक जपानी माणसं टेम्पुरा खातात ती भातावर, नूडल्सवर, नाहीतर घरी नेऊन.

तेनदोनमध्ये गरम भाताच्या वाडग्यावर टेम्पुरा मांडतात आणि वर गोडसर, दाट, सोया सॉसचा तारे ओततात. दाइकोकुयाच्या तेनदोनचा तारे तर जवळपास काळा. कवच रस पितं, जड होतं, आणि भाताबरोबर तीच चव हवी असते. टेम्पुरा-सोबा या नूडल्समध्ये कोळंबी गरम रश्शात तरंगते, कवच सुटून रश्शात उतरतं, तेलाचे बारीक थेंब वर येतात. कुरकुरीतपणा गेला याची तिथे कुणी तक्रार करत नाही. उलट कढईत गळून पडलेले पिठाचे कण, ‘तेनकासु’, मुद्दाम गोळा करून नूडल्सवर टाकतात. हे कण गरम असताना ढीग करून ठेवले तर तेलाच्या ऑक्सिडेशनची उष्णता साठत जाऊन ते आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून जपानची अग्निशमन खाती दुकानदारांना ते पसरून थंड करायला वारंवार सांगत असतात.

मिए प्रांतातल्या त्सु शहरात निघालेला ‘तेनमुसु’ म्हणजे छोट्या कोळंबीची टेम्पुरा पोटात घेतलेला भाताचा मुटका. पुढे नागोयाने तो प्रसिद्ध केला. प्रवासात डब्यात तो गारच खायचा असतो. ओकिनावात पीठ जाड, फुगीर, त्यातच मीठ. शाळा सुटलेली मुलं कागदात गुंडाळलेली टेम्पुरा हातात धरून खात जातात. ओइताकडे कोंबडीची ‘तोरितेन’. ओसाकाजवळच्या मिनोओत मेपलची पानं सुमारे वर्षभर मिठात मुरवून, तीळ घातलेल्या गोड पिठात तळतात आणि पिशवीत भरून विकतात. ती बिस्किटासारखी टिकतात. अंतर वाढलं तिथे लोकांनी पीठ दाट केलं, चव आत घातली किंवा कवचाला रस पाजला.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘तेन्या’ या साखळीने वेगळा उपाय शोधला. पदार्थ सरकत्या पट्ट्यावरून ठरावीक वेळ तेलातून नेणारी तळणयंत्रं बसवली, त्यामुळे वर्षानुवर्षांची उमेदवारी न केलेला कामगारही नीट तळू लागला, आणि रोजंदारीवरच्या माणसालाही दुपारी गरम तेनदोन परवडू लागला.

खाडी मागे सरली

काउंटरपुरतं तळणीपासून तोंडापर्यंतचं अंतर आचाऱ्यांनी राखलं. समुद्रापासून तळणीपर्यंतचं मात्र त्यांच्या हातात राहिलं नाही. भराव टाकून बंदरं आणि कारखाने वाढत गेले, पाणी बिघडलं, आणि १९६२ मध्ये टोकियोच्या बाजूच्या मच्छीमार संस्थांनी खाडीतले आपले हक्क सोडले. चिबा आणि कानागावाच्या बाजूने मासेमारी अजून चालते, पण अनागो फार कमी मिळू लागला आहे. किसु टिकून आहे. मालवण-गोव्याकडच्या मुडदुशीच्या कुळातला हा मासा पाठीतून उघडून, काटा काढून तळतात.

कोळंबीच्या आयातीवरचे निर्बंध १९६१ मध्ये उठले. नंतरच्या दशकांत जपान कोळंबीचा जगातलं मोठं गिऱ्हाईक झाला. आशियातल्या खारफुटी तोडून कोळंबीची तळी खोदली गेली, त्याबद्दल योशिनोरी मुराई यांनी १९८८ मध्ये ‘एबी तो निहोनजिन’ हे पुस्तक लिहून जपानी वाचकाला त्याच्या वाडग्यातल्या कोळंबीमागचे किनारे दाखवले. आजही साध्या दुकानातली कोळंबी व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड, भारत इथून येते. आंध्रच्या किनारी तळ्यांत वाढलेली, कारखान्यात बायकांनी सोललेली कोळंबी टोकियोत तेनदोनवर चढते. मैद्याचा गहू अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून, तेलाच्या कॅनोला बिया मुख्यतः कॅनडातून. जपानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाडग्यात जपानचा वाटा बऱ्याचदा भातापुरता उरतो.

अशा काळात भाजी पुढे आली, आणि त्याचं मोठं श्रेय फुमिओ कोंदो यांना जातं. ओचानोमिझूच्या यामानोउए हॉटेलात ते तरुण वयात टेम्पुराचे मुख्य आचारी झाले. १९९१ मध्ये त्यांनी गिन्झात स्वतःचं दुकान काढलं. मासळी हीच खरी टेम्पुरा मानणाऱ्या शहरात त्यांनी भाजीला कोळंबीच्या बरोबरीची जागा दिली. गाजर केसासारखं बारीक चिरून ते तेलात सोडतात, चॉपस्टिकने गोळा करतात, आणि पाणी उडून गेल्यावर नुसती गोडी उरते. रताळ्याचा मुठीएवढा जाड तुकडा कमी तापलेल्या तेलात अर्ध्या तासाच्या आसपास राहतो, मग कागदात गुंडाळून आतल्या उष्णतेवर मुरतो. कोळंबीला अर्धं मिनिट, रताळ्याला अर्धा तास. कढई तीच, पीठ जवळपास तेच.

वसंतात डोंगरातल्या रानभाज्या येतात, फुकीच्या कळ्या, ताराचे कोंब. त्यांचा कडवटपणा तेलात सौम्य होतो, आणि त्या दिवसांत जाणती गिऱ्हाइकं कोळंबीआधी त्यांची चौकशी करतात.

टोकियोला जाणाऱ्या मराठी शाकाहाऱ्याने मात्र आधी विचारून घ्यावं. भाजीच्या टेम्पुराच्या पिठात बहुतेकदा अंडं असतं, तेलात आधी मासा तळलेला असतो, आणि त्सुयू वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यावर केलेली असते. मठातल्या जेवणाची परंपरा सांभाळणाऱ्या ठिकाणी आगाऊ सांगितलं तर अंड्याशिवाय, वेगळ्या तेलात शोजिन-आगे करून मिळण्याची शक्यता जास्त. त्याबरोबर त्सुयूऐवजी मीठ मागावं, आणि पहिला तुकडा समोर आला की सोबतच्या माणसाच्या ताटाची वाट न पाहता खायला सुरुवात करावी. आचाऱ्याला तेच हवं असतं.